प्याद्याचं माहेर

१

शुक्रवारी सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि शेजारून आरोळी आली, "लुटलं! मावशी, लुटलं मला! चोरी झाली!"

दूध उतू जाऊ दे नाहीतर करपू दे, नर्सचा पाय आरोळीला थांबत नाही. पदर खोचून पळाले. शेजारच्या अंगणात सुरज बनियनवर उभा, हातात मोबाईल, तोंड असं की डॉक्टरनं हात टेकलेत. त्याचे वडील बिराप्पा काठी घेऊन गोठ्यामागं चोर हुडकत होते. आई धुरपताबाई मुसळ घेऊन दारात.

"काय गेलं रे?" मी विचारलं.

"रेटिंग गेलं, मावशी!"

धुरपताबाईंनी मुसळ टाकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! किती तोळ्याचं व्हतं? आन् आईला न दावता केलंस कवा?"

हे रेटिंग काय असतं ते मला तिथं उभ्याउभ्याच समजून घ्यावं लागलं. सुरज कॉलेजात क्लार्क. रात्री जेवण झालं की मोबाईलवर अनोळखी माणसांशी पाच-पाच मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळतो. जिंकला की त्याच्या नावापुढचा आकडा वाढतो, हरला की घटतो. तो आकडा म्हणजे रेटिंग. ते वाढावं म्हणून या पोरानं काय केलं नाही? भिजवलेले बदाम खाल्ले, भिंतीला पाय लावून डोक्यावर उभा राहिला, अंगठा चपळ व्हावा म्हणून त्याला खोबरेल तेल चोळलं. व्हिडिओ तर असे पळवून बघायचा की त्यातला मास्तर भांडतोय असं वाटायचं. वर्षानुवर्षं आकडा हजाराच्या आसपासच घोटाळत होता. मग मध्यंतरी काय झालं कोण जाणे, भराभर चढला आणि चौदाशेला टेकला. तेव्हापासून हा गल्लीत सगळ्यांना 'प्रगती कशी करावी' यावर भाषणं द्यायला लागला. मलासुद्धा.

आता आकडा अकराशेवर आला होता.

"उद्या संध्याकाळी महारुद्र सर चौथं नाव लिहिणार," सुरज रडकुंडीला आला. महारुद्र सर म्हणजे आमच्या लोहारा बुद्धिबळ मंडळाचे अध्यक्ष. रविवारी धाराशिवला तालुक्यातालुक्यांचे सामने, चार जणांचा संघ. तीन नावं पक्की झाली होती. चौथा कोण, तर सुरज आणि दिग्विजय या दोघांत ज्याचा आकडा मोठा तो. दिग्विजयचा साडेबाराशे. सुरजनं तर पाव्हण्यारावळ्यांना सांगून, पाठीवर नाव छापलेला टी-शर्टसुद्धा आणून ठेवलेला.

"नाक कापलं जाईल, मावशी. तुमी काहीतरी करा."

मला का सांगितलं, ते सांगते. मी कमलबाई, निवृत्त नर्स. या लोहाऱ्यातल्या अर्ध्या माणसांना, पोर असो की म्हातारं, मीच सुया टोचल्या. त्यामुळं माझ्यासमोर कुणी खोटं बोललं की त्याचा हात आपोआप कमरेकडं जातो. कोंबड्या, चपला, एकदा तर एका नवरदेवाचा फेटा, असं बरंच मी या एका खुणेवर शोधून दिलंय.

"कुणावर संशय?" मी विचारलं.

सुरजनं इकडंतिकडं बघितलं. "पंधरा दिवस झाले, रोज कुणीतरी माझे पॉइंट खातंय. आन् कोण खातंय ते मला ठाव हाय."

२

दिग्विजयचं बसस्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान. सुरज दुकानात शिरला तो थेट गळाच धरायच्या बेतानं. मी मधे घुसले.

"दिग्या, ह्याचा मोबाईल मागं तुझ्याकडं आला होता ना?"

"आला होता, मावशी. काच फुटली होती."

"तेव्हा तू ह्याचं खातं बघून ठेवलंस, आणि आता ह्याच्या नावानं मुद्दाम हरतोस. खरं का?"

"कसम से न्हाय!" दिग्विजय उडाला. "आवो, मला हारायचंच असलं तर माझ्या स्वतःच्या खात्यावर काय कमी हारतो का मी?"

मी त्याच्या हाताकडं बघत होते. दोन्ही हात काउंटरवर. लहानपणी धनुर्वाताच्या इंजेक्शनला या पोरानं दवाखाना डोक्यावर घेतला होता. खोटं बोलला असता तर हात कमरेला जाऊन चिकटला असता. पोरगं खरं बोलत होतं.

"आन् भांडायचं कशाला?" तो म्हणाला. "खेळलेला प्रत्येक डाव ॲपमधी जमा असतोय. येळ, चाली, सगळं. उघडून बघू की."

सुरज पांढरा पडला. "जुने डाव मी बघत नसतो."

"का?"

"हारलेला डाव परत बघायचा म्हंजी जखमेची खपली काढायची, मावशी. मी फकस्त आकडा बघतो."

"खपलीखाली पू आहे का ते बघितल्याबिगर जखम भरत नाही," मी म्हटलं. "उघड रे."

दिग्विजयनं यादी उघडली आणि सुरजची फजिती सुरू झाली. एकेक हरलेला डाव पुढं यायला लागला. सगळे रात्री जेवणानंतरचे.

"हा कुणी खेळला?"

"मीच. लाईट गेली होती."

"हा?"

"मीच. डास चावत होते."

"ह्या डावात तुझा वजीर एकटाच पार तिकडं पळत सुटलाय बघ."

"समोरच्याला भ्या दाखवत होतो."

प्रत्येक डावात तेच. वजीर घाईघाईनं बाहेर, मागं सगळी फौज घरात झोपलेली, आणि थोड्या वेळानं वजीर गायब. दिग्विजय हसून हसून स्टुलावरनं पडायला आला. हरलेले सगळेच्या सगळे डाव सुरजचे स्वतःचे निघाले. एकही दुसऱ्या कुणाचा नाही.

"मग पॉइंट खाल्ले कुणी?" सुरज पुटपुटला.

"तूच," मी म्हटलं. तेवढ्यात दिग्विजय यादीत आणखी मागं गेला आणि त्याचं हसू थांबलं.

"सुऱ्या, हे दुपारचे डाव कुणाचे?"

दुपारचे डाव होते आणि जवळजवळ सगळे जिंकलेले होते.

"दुपारी मी खेळतच न्हाय. कॉलेजात प्राचार्य फेऱ्या मारत असतेत."

"मग रात्री हरलेले पॉइंट दुसऱ्या दिवशी परत वाढलेले तुला दिसले नाहीत?"

"दिसले की." सुरजनं मान खाली घातली. "मला वाटलं कॅशबॅक हाय."

"काय?"

"रिचार्जला येतोय न्हाय का, तसा. जुनं गिऱ्हाईक म्हणून ॲपवाले परत देतेत, असं वाटलं."

देवा रे. एवढं शिकलेलं पोरगं! मी डोळे मिटून घेतले. ते दुपारचे विजय पंधरा दिवसांपूर्वी अचानक थांबले होते.

"त्याच्या आदल्या दिवशी तर आमी सगळे मंडळवाले ह्याच्या घरी चहाला होतो," दिग्विजयनं तारीख बघून सांगितलं.

"सुरज," मी म्हटलं, "तुझी चोरी झालीच नाही. कुणीतरी रोज गुपचूप आणून टाकत होतं, आणि त्यानं टाकणं बंद केलं. आता कोण आणि का, एवढंच शोधायचंय."

३

काच बदलली तरी त्या मोबाईलचं पुढं फारसं जमलं नाही, म्हणून सुरजनं नवा घेतला आणि जुना घरात दिला, बिराप्पांना कीर्तनं ऐकायला. खातं त्यातही उघडंच राहिलं होतं. म्हणजे गुपित घराच्या चार भिंतींतलंच होतं.

आधी धुरपताबाई.

"मला त्यातलं हिरवं बटन तेवढं कळतंय," त्या म्हणाल्या. "हिरवं दाबलं की लेक बोलती, लाल दाबलं की गप व्हती. बाकी इमानानं सांगते, हात लावत न्हाय." हात जागेवर, पदराच्या टोकाशी.

मग सून, सुरजची बायको प्रतीक्षा. ती शिलाई मशीनवर बसून कुणाचा तरी ब्लाउज शिवत होती. शांत पोरगी, ईट गावची. लग्न होऊन आली तेव्हा मी निवृत्त झाले होते, त्यामुळं तिला मी कधी सुई टोचलेली नाही. माझं यंत्र तिच्यावर चालणार नव्हतं, आणि त्याचीच मला चीड येत होती.

"दुपारी तो जुना मोबाईल कुणाकडं असतो?"

"मामा झोपले की पडलेला असतोय." मामा म्हणजे सासरे. तिनं मशीन थांबवलं नाही. "पण मावशी, रविवारचं नाव खरंच गेलं व्हय त्यांचं?"

"उद्यापर्यंत आकडा चढला नाही तर गेलंच म्हणायचं."

टाका चुकला. तिनं तो उसवला आणि परत घातला. "मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली.

मी बाहेर अंगणात आले तोच दिग्विजय मोबाईल घेऊन धावत आला, मागं सुरज. हा आता माझा साहाय्यक झाला होता, न विचारता.

"मावशी, घावला! दुपारचा गडी कोण ते कळलं! हे बघा, हा प्यादं सुरुवातीला एकच घर पुढं सरकवतोय. आजकाल सगळे दोन घरं पळवतेत. आन् ही तर कमालच."

त्यानं एक डाव दाखवला. एक प्यादं पटाच्या पार टोकाला पोचलं होतं. बुद्धिबळात प्यादं शेवटच्या घरात गेलं की त्याचं मोठं मोहरं होतं, हे मला दिग्विजयनं समजावलं. कोणतं हवं ते ॲप विचारतं, आणि जगातला प्रत्येक शहाणा माणूस वजीर मागतो, कारण वजिराएवढं जोरकस दुसरं काही नाही.

"आन् ह्यानं काय मागितलं? घोडा! वजीर सोडून घोडा! दुसऱ्या डावात हत्ती!"

"का बरं?"

"पारावरची देशी रीत, मावशी. जुने लोक तसलं कायबाय खेळतेत. लोहाऱ्यात पारावर रोज कोण बसतंय?"

आम्ही सगळ्यांनी एकदमच वळून बघितलं. बिराप्पा कडुनिंबाखाली खाटेवर पट मांडून बसले होते. आमची नजर पडताच त्यांचा हात सावकाश कमरेकडं गेला.

४

"बिराप्पा, खरं बोला."

"खरं सांगतो, कमलबाई. म्या कीर्तन लावतोय म्हणून सांगतो आन् तमाशा बघतोय. हिला सांगू नका."

हात कमरेवरनं खाली आला. एवढंच होतं. मी मनात हसले, पण चेहरा कडक ठेवला.

"आणि बुद्धिबळ? मोबाईलवर?"

"काचेवर बोट घासून? त्याला खेळ म्हणतेत व्हय? मोहरं हातात पायजे, आदळता आलं पायजे."

दिग्विजयनं त्यांच्या नाकापुढं मोबाईल धरला. "मग आबा, हे घोड्याचं काम कुणाचं?"

बिराप्पांनी डोळे बारीक करून बघितलं आणि त्यांचा पारा असा चढला की खाटेवरचा पट उलथला.

"म्या? म्या घोडा मागीन? आरं, लोहाऱ्यात प्यादं पार गेलं की वजीर! माझ्या बापाच्या टायमापास्नं वजीर! ही असली बेअक्कल रीत तिकडची हाय. ह्याच्यापायी लग्न मोडायची पाळी आली व्हती!"

"कुणाचं लग्न?"

"सुरज्याचं की! हळदीच्या दिवशी व्याही गोरोबा म्हणले, एक डाव टाकू. टाकला. त्येंचं प्यादं उंटाच्या घरात पोचलं आन् त्येंनी उंट मांडला. म्या म्हणलं वजीर मांडा. त्ये म्हणले, आमच्यात प्यादं ज्या घरी जाईल त्या घरचं व्हतंय. घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. म्या म्हणलं, माझ्या दारात माझी रीत, वजीरच घ्या!"

"अहो, पण वजीर घेतला असता तर तुमचंच नुकसान होतं!"

"नुकसान गेलं खड्ड्यात! रीत म्हंजी रीत. दुसऱ्या दिवशी अक्षता पडंपर्यंत आमी एकमेकाशी बोललो न्हाय."

धुरपताबाई दारातून म्हणाल्या, "मंगलाष्टकं चालली व्हती आन् ही दोन म्हातारी दोन तोंडाला!"

आतलं शिलाई मशीन केव्हाच थांबलं होतं. मी आवाज खाली आणला.

"बिराप्पा, हे गोरोबा व्याही कुठले?"

"ईटचे."

"आणि त्यांनी घरात बुद्धिबळ कुणाकुणाला शिकवलं?"

बिराप्पांची मान सावकाश आतल्या मशीनकडं वळली.

५

प्रतीक्षा आपणहून बाहेर आली. हातात ब्लाउज आणि सुईदोरा तसाच.

"म्याच खेळत होते," ती म्हणाली. "चुकलं असलं तर माफ करा. पण म्या त्यांचं काय नेलं न्हाय."

सुरज पुढं आला. "तू? तुला येतंय?"

"बापूंनी शिकवलं. बापूंची रीत डोक्यात बसली व्हती. ॲप विचारायचं कोण पायजे, मला वाटायचं रीत म्हणून विचारतंय. घोड्याच्या घरात गेलंय म्हंजी घोडाच मागायचा. पुढं कळलं, मग वजीर घ्यायला लागले."

"पण खेळायचंच कशाला, माझ्या खात्यावर?"

"तुमी हारला की जेवण झाल्यावर कुणाशी बोलत न्हाय. पोराला ओरडता. म्हणलं, आकडा चढला तर घरात हसतील तरी." तिनं दोरा बोटाला गुंडाळला. "तुमचे रातचे हारलेले डाव म्या सकाळी बघायची. रोज. कुठं चुकलं, का चुकलं. त्येच्यावरच शिकले सगळं."

"पुस्तक तरी किती जाड मिळालं," दिग्विजय म्हणाला. मी त्याच्याकडं बघितलं तसा त्याचा हात कमरेला गेला.

"मग थांबलीस का?" हे मी विचारलं, कारण सुरज विचारणार नव्हता.

"मंडळाची माणसं आली व्हती चहाला. ह्यांनी डाव मांडून दावला. म्या कप ठेवता ठेवता म्हणलं, वजीर लई लवकर भाईर पडला. तर हे म्हणले, तू चहात साखर बघ, हितं डोकं लागतंय. सगळे हसले."

दिग्विजयनं मान खाली घातली. हसणाऱ्यांत तोही होता.

"म्हणलं, मग लावा डोकं," प्रतीक्षा म्हणाली. "आता म्या कशाला लावू?"

मला वाटलं आता सुरज हिची माफी मागेल. पण हे पुरुष! त्याच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

"प्रतीक्षा, आज दुपार हाय, उद्याची दुपार हाय. तू खेळ! उद्या संध्याकाळपर्यंत साडेबाराशेच्या वर सहज जाईल!"

मी चप्पल काढणारच होते. पण प्रतीक्षानं शांतपणे त्याच्याकडं बघितलं.

"खेळते," ती म्हणाली. "पण रविवारी धाराशिवला समोर कोण बसंल?"

सुरज मटकन खाटेवर बसला. उलथलेल्या मोहऱ्यांतलं एक उचललं, बराच वेळ हातात फिरवलं. पाठीवर नाव छापलेला तो टी-शर्ट आत दांडीवर होता, मला दारातून दिसत होता. त्या पोराचं किती मन होतं त्या रविवारी, ते मला माहीत होतं आणि त्याची कीवही आली. मग त्यानं महारुद्र सरांना फोन लावला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर.

"सर, सुरज बोलतोय. चौथ्या नावाचं... ते चौदाशे माझे नव्हते. माझ्या बायकोचे होते. मी अकराशेचाच हाय."

मग सर म्हणाले, "दुसऱ्याच्या खात्यावर खेळणं नियमात बसत नाही, सुरज. दिग्विजयचं नाव लिहितो."

"लिहा. पण आधी एक डाव लावा. हिचा आन् दिग्याचा. समोरासमोर. जिंकंल त्याचं नाव लिहा."

"मला न विचारता?" प्रतीक्षा म्हणाली.

सुरजनं फोनवर हात ठेवला. "खेळशील का?"

तिनं सुई ब्लाउजला टोचून ठेवली. "खेळते."

सर कबूल झाले आणि शनिवारी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर डाव लागला. मधे दोन बटणांचं घड्याळ, आपली चाल झाली की आपलं बटण दाबायचं. प्रतीक्षानं असलं घड्याळ कधी बघितलंच नव्हतं. पहिल्या काही चालींना बटण दाबायचंच विसरली आणि तिचा वेळ भराभर गळायला लागला. सुरज माझ्या शेजारी. बोलायला मनाई. बिचाऱ्यानं स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते, डोळे बाहेर आले होते. शेवटी तिचं तिलाच उमगलं.

दिग्विजय जोरात होता. वजीर घेऊन थेट तिच्या घरात शिरला. तिनं एक घोडा मागं घेतला, चक्क माघारी. बिराप्पांनी "हॅट!" केलं आणि सरांनी त्यांना ओसरीवरून उतरवलं. पुढच्या तीन-चार चालींत दिग्विजयच्या वजिराला परतीची वाटच उरली नाही. वजीर गेला, मग हत्ती, मग राजा कोपऱ्यात. दिग्विजयनं पटाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि हात पुढं केला.

"वहिनी, चहाच्या दिवशी मी पण हसलो व्हतो," तो म्हणाला. "उद्या जीपमधी मला एक जागा ठेवा. बघायला येतो."

सरांनी चौथं नाव लिहिलं. "नवीन खातं काढा, ताई. स्वतःच्या नावाचं." मग सुरजकडं वळले. "आणि तू?"

"राखीव," सुरज म्हणाला.

घरी परतताना बिराप्पा आणि धुरपताबाई पुढं, मी मधे, हे दोघं मागं. प्रतीक्षाच्या कडेवर पोरगं झोपलं होतं. सुरजनं ते आपल्या खांद्यावर घेतलं. मी कान मागंच ठेवला होता. खोटं कशाला बोलू.

"मगाशी तू घोडा मागं का घेतलास?" त्यानं विचारलं.

तिनं मान वळवून त्याचं तोंड निरखलं. चेष्टा करतोय का, हे बघत असावी.

"खरंच कळलं न्हाय मला. सांग की."

मग ती सांगायला लागली. आधी हळू, मग हातवारे करून, रस्त्यातच थांबून, हवेत बोटानं घरं काढत. गल्ली आली, घर आलं, आम्ही आत गेलो. ती दोघं दारातच उभी होती. तिचं पुरतं सांगून होईपर्यंत सुरज मधे एका शब्दानं बोलला नाही.